बाउरोचा माड

"उतरा की आता खाली, बाउरोकाका! वर बघून बघून माझी मान आखडली."

माडाच्या बुंध्याशी उभा राहून हाका मारणारा माणूस म्हणजे उत्तरेच्या टोकाच्या गावचा पाळक, तिथल्या ख्रिस्ती देवळाचा धर्मगुरू. वयानं तिशीच्या आतला, पण पाळक तो पाळक. अर्धा दिवस होडीत बसून आला होता आणि अंगावरचं खारं पाणी वाळून त्याच्या पायांवर पांढरे नकाशे उमटले होते.

वरून उत्तर आलं नाही. गाणं आलं.

"मडक्यामध्ये पीठ किती गं, बाई?
मूठभर, मूठभर.
मूठभर पीठ कोणाचं, बाई?
देणाऱ्याचं, देणाऱ्याचं.
मूठभर पीठ पुरेल का, बाई?"

इथं गाणं थांबलं.

माडापासून वीस पावलांवर बाउरोचं घर होतं. चार खांबांवर उभा केलेला माच, वर केवड्याच्या पातीचं छप्पर, भिंती नाहीत. माचावर बाउरोची बायको रूता पडून होती. तिनं उशाजवळची करवंटी उचलली आणि खांबावर दोनदा वाजवली. टक, टक.

मग बाउरोनं पुढचं कडवं घेतलं, संपवलं, आणि सुरी दातांत धरून तो खाली उतरायला लागला.

माडावर चढलेल्या माणसानं गायचं ही आमच्याकडची रीत आहे. खाली बायका न्हात असतात, कुणी कपडे बदलत असतं. वर माणूस आहे हे सगळ्यांना कळायला हवं. आणि दुसरं कारण असं, की माडी काढायला जो गप्प चढतो तो चोर. म्हणून पहाटे आणि दिवस मावळताना, दोन्ही वेळा, आमची सगळी बेटं आकाशातून गात असतात. बाकीचे गडी गायचे प्रेमाची गाणी, समुद्राची गाणी. बाउरो प्रवचन गायचा. देवळात रविवारी जे सांगितलं गेलं ते त्याच्या तोंडी सोमवारपर्यंत गाणं होऊन येई, आणि मग आठवडाभर अळू पिकवायच्या ओल्या खड्ड्यांत राबणाऱ्या बायकांना, अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्यांना ते वरून ऐकू येई. देवळात न गेलेल्यांचीसुद्धा सुटका नव्हती.

त्यातलं हे विधवेचं गाणं सगळ्यांत जुनं. दुष्काळात एका परक्या गावच्या विधवेकडे देवाचा माणूस येतो, तिच्या मडक्यात शेवटचं मूठभर पीठ असतं, आणि तो म्हणतो, आधी मला भाकरी दे. ती देते, आणि दुष्काळ सरेपर्यंत मडक्यातलं पीठ संपत नाही. 'पुरेल का, बाई?' असं बाउरोनं वरून विचारलं की खाली चटई विणत बसलेली रूता खणखणीत आवाजात उत्तर द्यायची, "पुरेल, पुरेल!" तीस वर्षं हे चाललं होतं. गेल्या वर्षी तिच्या घशात गाठ आली. जहाजानं राजधानीच्या बेटावर, तारावाच्या इस्पितळात नेली. तिथल्या डॉक्टरणीनं तिचा हात हातात घेऊन बराच वेळ गोड बोलून तिला घरी पाठवलं. आवाज गेला, कुजबुज तेवढी राहिली. तेव्हापासून उत्तर करवंटीचं.

"बोला, पाळकसाहेब," बाउरो खाली पाय टेकवत म्हणाला. हातातल्या करवंटीत फेसाळलेली गोड माडी होती.

"देवळाचं छप्पर चढलं, काका. वादळानं नेलं त्याला दीड वर्ष झालं. या रविवारी दार उघडायचं. पहिलं प्रवचन गायचं आहे, तेही तुम्ही."

"अन् तुम्ही काय करणार?"

"मला कोण विचारतंय! आमचे म्हातारे म्हणाले, पोरा, तू बोललास तर आम्ही झोपू. बाउरोला आण. सकाळी अर्धं गाईल, संध्याकाळी अर्धं. शनिवारी निघायचं, सोमवारी परत."

बाउरो हसला. मग त्यानं एकदा माडाकडे पाहिलं, एकदा माचाकडे.

"बघतो," तो म्हणाला.

पाळकाचं तोंड उतरलं. कारण बाउरो अशा वेळी 'बघतो' म्हणत नाही हे बेटावरच्या कोंबड्यांनाही ठाऊक होतं.

त्याचं असं झालं होतं. एकतीस वर्षांपूर्वी एका पहाटे झावळीचा देठ मोडला आणि बाउरो साठ फुटांवरून पडला. पडला तो शेजाऱ्याच्या अळूच्या खड्ड्यात, मांडीएवढ्या चिखलात. दोन बरगड्या मोडल्या. शेजाऱ्याचा मुलगा बेतेरो तेव्हा विशीतला. त्यानं त्याला केसांना धरून बाहेर ओढला. बेतेरोचा बाप धावत आला, त्यानं आधी चिरडलेल्या अळूकडे पाहिलं, मग बाउरोकडे, आणि म्हणाला, "हा जगेल. अळू काही जगत नाही." त्या चिखलात उताणं पडून बाउरोनं देवाला शब्द दिला: तुझं वचन गायला मला कुणीही बोलावलं तर 'मला काम आहे' असं मी कधी म्हणणार नाही.

आणि तो कधी म्हणाला नव्हता. अर्धी झालेली होडी टाकून गेला, पाण्यातलं जाळं टाकून गेला. खोबरं विकत घ्यायला आलेलं जहाज धक्क्याला लागलेलं असताना गेला. गावात म्हण पडली होती, बाउरोच्या जाळ्याला भोकं, बाउरोच्या छपराला उजेड, पण बाउरोच्या गाण्याला खंड नाही.

आता मात्र गोष्ट माडाची होती.

माडी काढणं म्हणजे दुधाच्या गाईसारखं. माडाची पोय, म्हणजे फुलोऱ्याचा कोंब, उमलायच्या आधी सुंभानं आवळून बांधायची, टोकाला पातळ काप काढायचा, खाली करवंटी टांगायची. थेंब थेंब रस येतो. पण काप रोज दोनदा, पहाटे आणि सांजेला, चुकता कामा नये. माडाला रविवार कळत नाही, म्हणून या एका कामाला पाळकांनीही रविवारची सूट दिलेली. दोन काप चुकले की पोयीचं तोंड सुकतं, चार चुकले की मिटतं. मग नवी पोय बांधा, वळवा, हळूहळू वाहती करा; पंधरा दिवस गेले. बाउरोचे तीन माड, पण दोन म्हातारे झालेले. वाहत होता हा एकच. आणि रूताच्या घशाखाली ताज्या गोड माडीशिवाय काही उतरत नव्हतं. शहाळ्याचं पाणीसुद्धा उलटून येई. काढून ठेवलेली माडी अर्ध्या दिवसात आंबते, ती तिच्या घशाला आगीसारखी लागे. आटवून पाक केला तर ठसका.

शनिवारची सांज, रविवारची पहाट, रविवारची सांज, सोमवारची पहाट. बाउरोनं बोटांवर मोजलं. चार.

दुसऱ्या कुणी काप काढावा म्हणावं तर भाऊ समुद्रानं नेलेला, मुलगा नाही. मुलगी मेरे घरातच होती, पण बायका माडावर चढत नाहीत. आणि परक्याच्या माडीच्या माडाला हात लावणं आमच्याकडे फार वाईट. त्यापेक्षा एखाद्याच्या ताटातलं उचलून खाल्लेलं बरं.

माडी मागून घ्यायला राहिला शेजारचा माड. तो बेतेरोचा.

बाउरो आणि बेतेरो. म्हणजे पौल आणि पेत्र. दोघांच्या आयांनी नावं मोठ्या हौसेनं ठेवली होती. बेतेरो कॅथलिक, बाउरो आमच्या देवळाचा, पण भांडण त्यावरून नव्हतं. बारा वर्षांपूर्वीच्या दुष्काळात विहिरी खाऱ्या झाल्या, बेतेरोच्या बाळंतीण बायकोचं दूध आटलं, आणि त्याच्या माडाची पोयही वाळली. एका पहाटे बेतेरो बाउरोच्या माडावर चढला. गप्प चढला. करवंटी घेऊन उतरला. किनाऱ्यावरून बाउरोनं पाहिलं. तो मनेआबात, गावाच्या मोठ्या सभाघरात, सगळ्यांपुढे उभा राहिला आणि नाव घेऊन बोलला. नियमाप्रमाणं बेतेरोला डुक्कर कापून म्हाताऱ्यांना जेवण घालावं लागलं आणि ते जेवत असताना खाली मान घालून कडेला बसावं लागलं.

रूता त्या दिवशी नवऱ्याला म्हणाली होती, "गातोस विधवेचं मडकं, आणि वागतोस राजासारखा."

"नियम आहे," बाउरो म्हणाला होता.

तेव्हापासून दोघं एकमेकांशी बोलले नव्हते. एकाच वेळी शेजारशेजारच्या माडांवर चढायचे; एकजण मारियामातेचं गीत म्हणायचा, दुसरा विधवेचं, आणि दोघं एकमेकांवर आवाज चढवायचे. विहिरीवरच्या बायका विचारायच्या, "काय गं, आज कोण जिंकलं?"

पाळकाला नीरफणस आणि मासा वाढून झाला. तो जेवून किनाऱ्यावर पाय धुवायला गेला तसं रूतानं बोटानं नवऱ्याला जवळ बोलावलं.

"बघतो म्हणालास," ती कुजबुजली. "ऐकलं मी. घसा गेलाय, कान नाही गेले."

"पुढच्या महिन्यात जाईन. देऊळ काही पळून जात नाही."

"तुला काम आहे होय?"

बाउरो सुरीची धार चाचपत बसला.

"बोल की. म्हण, मला काम आहे. एकतीस वर्षांत एकदा म्हणून बघ कसं लागतं तोंडाला."

"रूता, चार काप चुकतील. पोय मिटेल. तू पंधरा दिवस काय घेशील?"

"देवानं काय मला तुझ्या पोयीला टांगलंय?" तिला ठसका लागला. मेरेनं पाठीवर हात फिरवला, तो तिनं बाजूला केला. "तुझ्या माडीवर मी जगते असं वाटतं तुला? मोठाच देव झालास की रे, म्हाताऱ्या. मग लोकांना कशाला सांगतोस, मडक्याकडे बघू नका म्हणून?"

"आई, बास कर, दमशील," मेरे म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. "बाबा, तू नको जाऊस. ती अशीच बोलते."

"तू गप्प. तुझा बाप चिखलात पडला होता तेव्हा मी नवीन नवरी होते. तो मला परत कुणी दिला ते मला माहीत आहे." मग ती नवऱ्याकडे वळली आणि आवाज आणखी खाली गेला. "मी गेल्यावर तू माडावर बसून म्हणशील, बायकोसाठी एकदा शब्द मोडला. मला ते माझ्या नावावर नको. जा. गा. पंधरा दिवस देव काय करतो ते मी इथं पडून बघते. मला तरी दुसरं काय काम आहे?"

शनिवारी पहाटे बाउरोनं काप काढला, रूताला दोन घोट पाजले आणि होडीत बसला. किनारा दिसेनासा होईपर्यंत त्याची मान मागे होती.

उत्तरेच्या देवळात नव्या छपराचा ओला, गोड वास भरला होता. तीनशे माणसं चटयांवर दाटीवाटीनं बसली होती. बाउरो उभा राहिला आणि आधी नुसतं बोलल्यासारखं, मग हळूहळू सुरात सांगायला लागला. खरवडलेल्या करवंटीसारखं कोरडं आभाळ सांगितलं. दोन काटक्या वेचणारी बाई सांगितली. तिचा बेत सांगितला: एक भाकरी, मी खाईन, माझं लेकरू खाईल, मग आम्ही मरू. मग तो परका माणूस वेशीशी आला आणि म्हणाला, आधी मला.

"आधी मला म्हणताना लाज नाही वाटली का रे, देवाच्या माणसा?" बाउरोनं विधवेच्या आवाजात विचारलं, आणि म्हाताऱ्या बायकांनी माना हलवल्या, त्यांनाही ते कायम खटकत आलं होतं.

"वाटली गं, बाई, वाटली. पण तू मडक्याकडे बघत होतीस. मडक्यात बघणाऱ्याला पीठ दिसतं. देणारा मडक्यात कसा दिसेल?"

देऊळ हुंकारलं. बाउरो गात गात त्या ओळीशी आला. "मूठभर पीठ पुरेल का, बाई?" आणि सवयीनं थांबला. कानानं टक टक शोधलं. ते तिथं नव्हतं. त्याचे डोळे भरून आले. आपण हे लोकांना सांगतोय, आणि आपल्यालाच माहीत नाही, असं त्याला वाटलं. तेवढ्यात तीनशे गळे एकदम उठले, "पुरेल, पुरेल!" आणि नव्या छपरातली पाती थरथरली. लोकांना वाटलं बाउरो सुखानं रडतोय.

दुपारी आणखी एक गोष्ट झाली. एका अडलेल्या बाळंतिणीला दक्षिणेच्या दवाखान्यात न्यायला मोटरहोडी निघाली. वाटेत आमचं गाव. पाळक धावत आला.

"काका, जागा आहे एकाची. दिवस मावळायच्या आत पोचाल. जा. संध्याकाळचं मी कसंतरी निभावतो."

दोन काप चुकले होते. तिसरा साधला तर पोय अजून वाचली असती. बाउरो गुडघाभर पाण्यात गेला, होडीच्या काठावर त्यानं हात ठेवला. मागं देवळाकडून गलका ऐकू आला. म्हाताऱ्या बायका आतापासूनच चटया घेऊन पुढची जागा धरायला निघाल्या होत्या, एक दुसरीला म्हणत होती, "मागच्या खेपेला तुझ्या ढोल्या पाठीमागं बसून मला काही दिसलं नाही, आज मी पुढं."

"काका, देव रागावणार नाही हो," पाळक हळूच म्हणाला.

"ते मला ठाऊक आहे," बाउरो म्हणाला. "तो रागावत नाही म्हणूनच तर." त्यानं काठावरचा हात काढून घेतला. मोटरहोडी गेली. तो तसाच पाण्यात उभा राहिला आणि मनात म्हणाला, माड तुझा. रूता तुझी. मी नुसता चढणारा. संध्याकाळी सूर्य खाडीला टेकला तेव्हा तो गात होता, आणि उजवा हात आपोआप काप काढल्यासारखा हलत होता.

सोमवारी वारा उलटा होता. बाउरो घरी पोचला तेव्हा दिवस मावळायला आला होता. तो धावतच माचापाशी गेला. रूता जागी होती. त्याला बघून हसली. ओठ ओले होते. मेरे काहीतरी बोलायला लागली तर आईनं तिचा हात दाबला आणि बोटानं माड दाखवला. चढ.

बाउरो चढला. खोडाच्या एकेका खाचेवर पाय ठेवताना वरची पोय त्याच्या मनापुढं येत होती, तपकिरी, मिटलेली, दगडासारखी. तो गायचं विसरला.

"बाबा, गा!" मेरे खालून ओरडली. "चोरासारखा चढतोयस!"

तो तसाच चढत राहिला. शेंड्यात शिरला, झावळी बाजूला सारली आणि पाहिलं.

पोयीचं तोंड ओलं होतं. पांढरं, कोवळं, सकाळी कापलेलं. खालची करवंटी गळ्यापर्यंत भरली होती आणि तिच्या काठावर मुंग्यांची रांग लागली होती. बाउरोनं कापावरून अंगठा फिरवला. काप तिरका होता, डावीकडून उजवीकडे. आमच्या गावात सुरी डाव्या हातात धरणारा माणूस एकच.

शेजारच्या माडाच्या शेंड्यात, त्याच उंचीवर, बेतेरो सुंभ आवळत बसला होता. त्यानं मान वळवली नाही. बारा वर्षांनी तो जे पहिलं वाक्य बोलला ते असं:

"सुरी कधी पाजवतोस की नाही? पोयीचं तोंड उंदरानं कुरतडल्यासारखं करून ठेवलंयस."

बाउरोनं अंगठा मांडीला पुसला. "डावखुऱ्याला काय कळतंय," तो म्हणाला.

"गाणंही लांबलचक. तिसऱ्या कडव्यात श्वास घ्यायला जागाच नाही. मरायला टेकलो मी."

"तिथं श्वास घ्यायचा नसतो. तिथं रडायचं असतं."

"ते मला नाही जमलं," बेतेरो म्हणाला, आणि गाठ मारून उतरायला लागला.

मग मेरेनं सांगितलं. "शनिवारी सांजेची वेळ झाली, बाबा. तू नाही, गाणं नाही. आईनं सवयीनं करवंटी उचलली आणि खांबावर वाजवली. दोनदा. विचारलं कुणीच नव्हतं, हिनं उत्तर दिलं. बेतेरोकाका त्यांच्या माडावर होते. त्यांचं गाणं मधेच बंद पडलं. मला वाटलं पडले की काय. खाली आले, आणि मग तुझ्या माडाच्या बुंध्यापासून जे गायला लागले! तुझं गाणं! एवढ्या मोठ्यानं, की सगळं गाव बाहेर आलं. कॅथलिक माणूस, दुसऱ्याचा माड, आणि तोंडात आपलं प्रवचन!"

"सूर कसा होता?"

"सूर नव्हताच."

माचावर रूताचे खांदे हसण्यानं गदगदत होते.

पण गावानं ऐकलं होतं, तेव्हा गावाला बोलणं भाग होतं. मंगळवारी मनेआबात सगळे जमले. सर्वांत वडील नाकाउआआजोबा खांबाला टेकून म्हणाले, "दुसऱ्याच्या माडावर चार वेळा माणूस चढला. बाउरो, तक्रार करायचा हक्क तुझा आहे. बोल."

बेतेरो कडेला बसला होता, बारा वर्षांपूर्वी बसला होता त्याच जागी. मान खाली नव्हती, पण वरही नव्हती.

बाउरो उभा राहिला.

"मी जाताना माड देवाच्या हवाली करून गेलो होतो," तो म्हणाला. "त्यानं त्यावर कुणाला चढवलं हे मी विचारणार नाही. विचारायचंच तर दुष्काळातल्या त्या करवंटीचं विचारा. लेकराच्या पोटात जायची होती. मी इथं उभा राहून नाव घेतलं. त्या डुकराचा वाटा मीही खाल्ला. तो मला अजून पचलेला नाही."

नाकाउआआजोबा खांबापासून पुढं सरकले.

"बारा वर्षं पचलं नाही," ते म्हणाले, "म्हणजे नीट शिजलंच नव्हतं."

"आजोबा, शिजवलं माझ्या बायकोनं होतं," बेतेरो कडेवरून गुरगुरला. "तिला मधे आणू नका."

आधी एक म्हातारी खुदकन हसली, मग सगळं सभाघर. हसणं ओसरलं तेव्हा बाउरो आपली चटई उचलून कडेला, बेतेरोच्या शेजारी जाऊन बसला होता. दोघं एकमेकांकडे बघत मात्र नव्हते.

त्यानंतर रूता चार महिने होती. नीरफणस पुन्हा पिकेपर्यंत. त्या चार महिन्यांत आमच्या गावानं जे ऐकलं ते कुठल्या देवळात ऐकायला मिळायचं नाही. पहाटे आणि सांजेला एका माडावरून प्रश्न यायचा, दुसऱ्या माडावरून उत्तर. मडक्यामध्ये पीठ किती गं, बाई? मूठभर, मूठभर. मूठभर पीठ कोणाचं, बाई? देणाऱ्याचं, देणाऱ्याचं. बेतेरोचा सूर शेवटपर्यंत लागला नाही. आणि 'पुरेल का, बाई?' झालं की दोघं थांबायचे, आणि माचावरून टक, टक. पुढं पुढं ते इतकं हळू यायचं की विहिरीवरच्या बायका कळशा खाली ठेवून, कान देऊन उभ्या राहायच्या.

ती एका बुधवारी दुपारी गेली. सकाळची माडी घेऊन झाली होती. बाउरोच्या मांडीवर डोकं होतं.

रीतीप्रमाणं तीन दिवस तिला मनेआबात ठेवलं. आम्ही तीन दिवस गायलो. बाउरो तिच्याजवळून उठला नाही, आणि दोन्ही माड बेतेरोनं सांभाळले. आता त्या माडीची कुणाला गरज नव्हती, तरी त्यानं पोय मिटू दिली नाही.

चौथ्या दिवशी सांजेला बाउरो सुरी घेऊन माडाकडे गेला. माचावर चटई गुंडाळून ठेवली होती. खांबाशी करवंटी पालथी होती. मेरेनं ती उचललेली नव्हती. शेजारचा माड आधीच गात होता. बाउरो बुंध्यापासून गायला लागला, वर गेला, शेंड्यात शिरला. किती गं, बाई. मूठभर. कोणाचं, बाई. देणाऱ्याचं.

"मूठभर पीठ पुरेल का, बाई?"

दोघंही थांबले. विहिरीवर आम्ही सगळ्या उभ्या होतो. मला वाटलं, आता बाउरो स्वतःच म्हणेल, नाहीतर बेतेरो म्हणेल. कुणी म्हणालं नाही. करवंटी दोनदा वाजायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ ते वर गप्प बसून राहिले, आणि मग दोघांनी एकदम पुढचं कडवं घेतलं.

मी नंतर एकदा त्याला विचारलं, "बाउरोदादा, ते उत्तर तुम्हीच का नाही गात?"

"ते माझं कधीच नव्हतं," तो म्हणाला. "मी विचारणारा."

आता ते गाणं उत्तरेच्या देवळातही म्हणतात आणि आमच्या शाळेतही. मुलं त्या ओळीशी आली की आपोआप थांबतात, तेवढीच जागा सोडतात आणि पुढं जातात. का सोडायची ते त्यांना कुणी सांगितलेलं नाही. गाणं असंच आहे असं त्यांना वाटतं.